पॉवर स्टेअरिंगचे अडतीस हजार

३ मार्च, सोमवार

पतपेढीने दिलेली ही डायरी दोन महिने कपाटात नुसती पडून होती. सुरभी म्हणाली, "आई, गाडी घ्यायची तर कोण काय बोललं ते लिहून ठेव, मागाहून लोक फिरतात." म्हणून बसले लिहायला. नाहीतर मला मेलीला कुठला वेळ.

झालं असं. गुणाजीकाकांनी आज कारखान्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं की टेम्पो भंगारात द्यायचा. एकोणीस वर्षं आमच्या ह्यांनी तो टेम्पो हाकला. काकांच्या इथल्या पेणच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती रोह्याला, नागोठण्याला, पार महाडपर्यंत नेऊन पोचवल्या. काका म्हणाले, "केरू, मी आता नवी गाडी घेनार नाय. माझं वय झालं. तू पिकअप घे. माझा सगळा माल तुझ्याच गाडीत भरीन. पण मे महिन्यात कच्चा माल हलायला लागतो, तोवर गाडी दारात पायजे. नायतर मला दुसरा बघावा लागंल."

मी आतल्या खोलीत आखणी करत होते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढत होते. ब्रश तिथेच थांबला. बारा वर्षं मी हेच सांगते आहे, की दुसऱ्याच्या गाडीचं स्टेअरिंग किती दिवस धरणार? आणि हे काय बोलले? "बघू." बावन्न वर्षांचा माणूस, संधी आपणहून दारात आली, आणि म्हणे बघू! कप्पाळ माझं.

मी बघत बसणार नाही. आखणीचे दोन लाख पासबुकात आहेत. एका मूर्तीचे पंचवीस रुपये मिळतात, म्हणजे आठ हजार मूर्तींचे डोळे झाले ते. बाकीचं कर्ज काढू. गाडी आली नाही तर जूनपासून ह्यांना काम नाही. या वयात नवीन नोकरी कोण देतो?

७ मार्च, शुक्रवार

वडखळच्या शोरूमला जाऊन आलो. रितेश नावाचा पोरगा आहे तिथे. गोड बोलतो, चहा मागवतो, आणि बोलताना सरळ डोळ्यांत डोळे घालून बघतो. मला तेच आवडलं. पंचवीस वर्षं डोळे काढते मी. माणूस खोटं बोलायला लागला की मला त्याच्या नजरेत आधी कळतं.

साधं मॉडेल, नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजार, गाडी रस्त्यावर येईपर्यंत. मी म्हटलं, "एवढ्यात तर गाडीबरोबर तू पण यायला पाहिजेस चालवायला." हसला. कोटेशनमध्ये हाताळणी खर्च म्हणून आठ हजार लावलेत. मी विचारलं, हाताळणी म्हणजे काय केलंत, गाडीला आंघोळ घातली? तर म्हणतो, "मावशी, तुमच्यासाठी ते बघू आपण."

हे पंख्याखाली बसून होते. कोटेशन हातात दिलं तर लांब धरून बघितलं आणि माझ्याकडे सरकवलं. "वाच गो तूच. चष्मा घरी ऱ्हायला." रितेश म्हणाला, काका, एक चक्कर मारून बघा. तर म्हणाले, "मी काय गाड्या चालवल्या नाय व्हय?" आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला इतकी लाज वाटली! लग्नाला येऊन जेवायला नाही म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं.

१५ मार्च, शनिवार

एक चांगलं लिहिते. महिनाभर हे दिवस मावळायच्या आत घरी येतात. पूर्वी नागोठण्याच्या टपरीवर टोळकं जमायचं, आठ-आठ वाजायचे. आता काकांना स्वतःच सांगितलंय की संध्याकाळची खेप नको. साखर झाल्यापासून पाच वर्षं सांगून थकले मी, आता कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आणि कामही झपाझप होतंय. आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. आखणी झाली की ज्याचा कुंचल्याशी संबंध नाही अशा माणसाने मूर्तीसमोर चार पावलांवर उभं राहायचं आणि सांगायचं, नजर बसली की नाही. देव आपल्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे. काढणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. माझ्या मूर्ती एकोणीस वर्षं आमचे हेच बघतात. काय नखरे असायचे पूर्वी! "डावा केसभर वर गेलाय." "हा देव रागावलाय गो कुनावर." दहातल्या तीन परत करायचे, आणि मी चरफडत बुबुळ पुसायची. या वर्षी एकही परत केलेली नाही. समोर उभे राहतात, हात जोडतात, म्हणतात, "बसली." शेवटी हात बसला म्हणायचा माझा.

१९ मार्च, बुधवार

वडखळच्या पुलाखाली टेम्पो दुभाजकाला घासला. दोन मूर्ती फुटल्या. हे म्हणतात, मोटारसायकलवाला मध्ये आला. हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललंय, रोज नवा वळसा, माणसाने चालवायचं तरी कसं?

२३ मार्च, रविवार

रोह्याच्या शोरूमला गेलो, सुरभीलाही नेलं. एकाच दुकानात भाव ठरवायला मी काय काल जन्मले नाही.

तिथे तौहीद म्हणून मुलगा आहे, रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा. चार वर्षं दुबईला गाड्यांच्याच दुकानात होता. बोलतो हळू, आणि मान वर करतच नाही. सगळं बोलणं टेबलाशी. मनात म्हटलं, हा नक्की गळा कापणार, नजर द्यायची हिंमत नाही मेल्याची.

पण खरा तमाशा पुढेच. हे एकदम उठले आणि म्हणाले, "पॉवर स्टेअरिंगवाली दाखव." त्या गाडीत बसले, एका बोटाने चाक फिरवलं. मग सुरभीला म्हणाले, "तू बस. फिरव." तिने फिरवलं. "जड जातंय?" "नाय पप्पा, लोण्यासारखं फिरतंय." तेव्हा हे हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

पॉवर स्टेअरिंगचे अडतीस हजार जास्त! मी तिथेच बोलले, "एकोणीस वर्षं दगडासारखं स्टेअरिंग वळवलंत, आता कसले लाड? अडतीस हजार म्हणजे किती डोळे झाले ठाऊक आहे?" तर म्हणाले, "घेतली तर हीच, नायतर नको." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होते.

मला कळेना हा हट्ट कशाचा. ह्यांनी आयुष्यात माझ्याकडे हट्ट म्हणून कधी गोड लाडूदेखील मागितला नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, पुरण केलं. ह्यांना बिनसाखरेची खीर.

सुरभीचं शिकाऊ लायसन्स आलं. हे कधी ठरलं म्हणून विचारलं तर बापलेक एकमेकांकडे बघायला लागले. पोरगी बी. कॉम. झाली, सी.ए.च्या ऑफिसात कामाला आहे, आणि हे रोज सकाळी सहाला तिला टेम्पोत बसवून खाडीकडच्या मैदानावर नेतात. बाजूची पूजा विचारत होती, "काय गो रोहिणी, पोरीला ड्रायव्हर करतेस?" मी म्हटलं, हल्ली स्कूटीसारखंच आहे ते. पण घरी येऊन ह्यांना बोलले. मुलीचं लग्नाचं वय, स्थळं बघायची सोडून टेम्पो कसला शिकवता? "शिकलेलं वाया जात नाय," म्हणाले. बस.

४ एप्रिल, शुक्रवार

आज कर्जाचं. रितेशने त्याच्या ओळखीचा फायनान्सवाला गाठून दिला. आठ लाखांना सात टक्के, पाच वर्षं, महिना अठरा हजार हप्ता. बँक साडेदहा सांगते. मी तर खूश झाले. कुठे सात आणि कुठे साडेदहा! रितेश डोळ्यांत बघून म्हणाला, "मावशी, एवढा रेट मी माझ्या आईलाही दिला नसता."

घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. आमच्या बचत गटात उरलेल्या रकमेवर व्याज लावतो आम्ही, फेडलेल्यावर कधी नाही. इथे पाचही वर्षं पूर्ण आठ लाखांवरच व्याज धरलंय. चार लाख फेडले तरी व्याज आठ लाखांचंच! सुरभीने सांगितलं, टक्के सोडून दे आई, हप्त्याला साठने गुण. अठरा हजार गुणिले साठ, दहा लाख ऐंशी हजार. बँकेचा हप्ता सतरा हजार एकशे पंच्याण्णव. गुणले. दहा लाख एकतीस हजार सातशे. अठ्ठेचाळीस हजारांचा फरक, आणि स्वस्त म्हणून मी पेढे वाटायला निघाले होते.

इतकं सरळ बघून बोलणारा पोरगा खोटं कसं बोलेल? त्याला स्वतःलाही कळत नसेल हिशोब. असंच असेल.

९ एप्रिल, बुधवार

हे लिहू की नको असं वाटतंय. पण लिहिते, कोण वाचणार आहे.

हे आणि सुरभी दोघं पनवेलला गेले होते. टेम्पोचा काही पार्ट आणायला म्हणे. सकाळी एसटीने गेले, संध्याकाळी आले. पार्ट नाही, पिशवी नाही, काही नाही. सुरभीचे डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, धूळ गेली. दोघांच्या डोळ्यांत एकदमच धूळ गेली वाटतं, कारण हेही आल्या आल्या कसलेसे थेंब घालून पडून राहिले.

काहीतरी लपवतात. मला माहीत आहे ते. पूर्वी हा माणूस माझ्याशी बोलताना टक लावून बघायचा, मी लाजायची. आता नजर देत नाही. मी बोलते आणि हे माझ्या कानाकडे बघतात. गुन्हेगार माणूस असाच बघतो. कुणाची देणी असतील का? की दुसरंच काही? पंचवीस वर्षांच्या संसारानंतर असलं मनात यावं, ह्याची माझी मलाच किळस येते. पण येतं. आणि पोरगी त्यांच्या बाजूने आहे, ह्याचं जास्त लागतं.

टेम्पोचा क्लच गेला म्हणतात. आता तो उभाच असणार.

१६ एप्रिल, बुधवार

ठरली! रोह्याचीच.

सकाळी आधी रितेशकडे गेले आणि त्याच्याकडून पॉवर स्टेअरिंगवालीचा शेवटचा आकडा लिहून घेतला. दहा लाख सोळा हजार. विम्याची वेगळी पावती मागितली तर त्याने नजर फिरवली नाही, पण पावतीही दाखवली नाही. तो कागद घेऊन ह्यांच्याबरोबर रोह्याला. तौहीदने कागद वाचला, टेबलाकडे बघत म्हणाला, "मावशी, ह्यात विमा सात हजारांनी फुगवलाय. तुम्ही बाहेरून काढा, माझ्याकडून पण नका काढू." मग स्वतःचा कागद उलटा करून माझ्यासमोर ठेवला. गाडीची मूळ किंमत, कर, विमा, नोंदणी. हाताळणी खर्च नाहीच.

तरी मी सोडते होय! म्हटलं, "दहाच्या आत आण. हौद्याला ताडपत्री आणि वरचा सांगाडा फुकट." तो म्हणाला, ताडपत्री देतो, सांगाडा नाय जमणार. मी पिशवी उचलली. हे हलले नाहीत. मला म्हणाले, "बस गो." मी बसले नाही, दारापर्यंत गेले. तौहीद आत मालकाशी बोलून आला. नऊ सत्त्याण्णव, ताडपत्रीसकट, सांगाडा अर्ध्या किमतीत. तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बघितलं त्याने, आणि लगेच खाली. "माझी अम्मी पण अशीच दारापर्यंत जाते," म्हणाला. अगं बाई! तो लाजतो. बायामाणसांकडे टक लावून बघू नये असं शिकवलंय त्याला घरी. आणि मी काय काय समजले.

एकवीस हजार भरून बुकिंग केलं. अक्षय तृतीयेला गाडी. बँकेचे कागद सुरभीने केले, काकांनी कामाचं पत्र दिलं. गाडी आणि कर्ज दोन्ही माझ्या नावावर. हे म्हणाले, तुझ्याच नावावर पायजे. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

फक्त लायसन्सची प्रत मागितली तेव्हा ह्यांनी खूप वेळ खिसे चाचपले. जूनमध्ये मुदत संपते आहे. डॉक्टरचा दाखला घेऊन नवीन करून घ्या म्हटलं तर म्हणाले, "करू."

२१ एप्रिल, सोमवार

काकांनी बोलावून घेतलं. रोह्याच्या गिऱ्हाइकाने दोन मूर्ती परत पाठवल्या. तिरळ्या. माझ्या हातच्या मूर्ती तिरळ्या! पंचवीस वर्षांत असं झालं नाही. मी म्हटलं, ह्यांनी पास केल्यात काका, रस्त्यात रंगाला काही लागलं असेल. काका नुसते बघत राहिले माझ्याकडे. "बघून घे जरा," म्हणाले. रडू आलं. मूर्ती बघितल्या, खरंच तिरळ्या होत्या. गाडीच्या नादात माझाच हात हलला असणार. पण मग ह्यांनी "बसली" कसं म्हटलं?

२४ एप्रिल, गुरुवार

जसं घडलं तसं लिहिते.

दुपारी अडीच फुटी मूर्ती घेतली होती. उजवा डोळा पुरा केला. डाव्याची नुसती जागा, पांढरी. तेवढ्यात रितेशचा फोन. बुकिंग मोडा मावशी, मी नऊ नव्वदला देतो. अर्धा तास त्याच्याशी भांडले, विमा फुगवलास ते आधी सांग म्हटलं. फोन ठेवला तर हे डबा घेऊन दारात. डोक्यात राग तसाच होता. सवयीने बोलून गेले, "बघा हो, नजर बसली का?"

हे आले. चार पावलांवर उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "बसली गो. झकास."

मी ब्रश धुवायला वळले आणि मूर्तीकडे लक्ष गेलं. डावीकडे कोरं पांढरं प्लास्टर. आधी वाटलं, चेष्टा करतात. हसणारच होते मी. पण ह्यांचे हात अजून जोडलेले होते.

विचारलं, "दोन्ही बरोबर?"

"दोन्ही."

"डावा जरा वर नाही ना गेला?"

मान जराशी तिरपी केली, पुन्हा सरळ केली. नीट बघत असल्यासारखं. आणि म्हणाले, "नाय गो. डावा एकदम बरोबर हाय."

मी ब्रश खाली ठेवला. डबा उघडला, वाढलं. त्यांनी हाताने चाचपून भाकरी घेतली. रोजच तशी घेतात का? मी कधी बघितलं नाही. मूर्ती फडक्याने झाकून ठेवली.

२५ एप्रिल, शुक्रवार

कामाला गेले नाही. ह्यांना काही विचारलंही नाही. काय विचारू, आणि उत्तर आलं तर काय करू?

२८ एप्रिल, सोमवार

शनिवारी सुरभीला समोर बसवलं. तिने सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "आई, मी पप्पांना रोज म्हणत होते, आईला सांगू या. पप्पांनी गळ्याची शपथ घातली."

साखरेने डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे. उजवा जवळजवळ गेला. डाव्याच्या मधोमध डाग आहे. इंजेक्शनं घेतली तर डावा आहे तेवढा राहील असं पनवेलचे डॉक्टर म्हणतात. वाढेल असं म्हणत नाहीत. इंजेक्शनं तरी ह्यांनी घेतली का? नाही. म्हणे गाडीचे पैसे मोडतील.

मग हे बोलले. कॉटवर बसून, मान खाली घालून. "दिवाळीपासून कमी दिसतंय. पहिलं वाटलं, चष्म्याचा नंबर. त्या दिवशी पुलाखाली मोटारसायकल नव्हती गो. मला दुभाजकच दिसला नाय. पनवेलवरून आलो आनि चावी काकांकडं दिली. क्लच गेलाच नव्हता. काकांना सांगितलं खरं ते."

मी ओरडले. हो, ओरडले, शेजारपाजारचा विचार केला नाही. असले डोळे घेऊन हायवेवर गाडी चालवत होतात? रोज? कुणाचं पोर खाली आलं असतं तर? मूर्ती काय, पुन्हा होतात. मला का नाही सांगितलं? मी कोण लागते तुमची? तोंडात येईल ते बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू गाडी घेतली नसतीस. बारा वर्षं बोलतेस तू गाडी-गाडी. माझे डोळे गेले, तुझी गाडी पन गेली, मग घरात ऱ्हायलं काय? सुरभीचा हात चांगला हाय. माझ्यापेक्षा. म्हनून तिला शिकवली. तिचे दंड दुखायला नको म्हनून ते पॉवर स्टेअरिंग."

आणि मी अडतीस हजारांवरून माणसाला चारचौघांत बोलले.

विचारलं, माझ्याकडे का बघत नाही तुम्ही? मला काय काय वाटलं माहितीये? तर म्हणाले, "मधी डाग हाय ना. सरळ बघितलं तर तुझा चेहरा नाय दिसत. कानाकडं बघितलं की तू दिसतेस."

पंचवीस वर्षं डोळे काढते. डोळ्यांवरून माणूस ओळखते म्हणून मिरवते. जो डोळ्यांत बघून बोलला त्याच्यावर भाळले, जो लाजला त्याला चोर समजले, आणि जो मला बघायला धडपडत होता त्याच्यावर संशय घेतला. पुढे लिहवत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळच्या एसटीने एकटीच रोह्याला गेले. तौहीदला सगळं सांगितलं. विचारलं, बुकिंग मोडलं तर किती कापणार? तो म्हणाला, "काही नाय कापणार. मालकांशी मी बोलतो. पण मावशी, मोडायचंय का?"

मी रात्रभर तेच विचारत होते स्वतःला. पोरगी म्हणते, चालवीन, सकाळच्या खेपा मी करीन आणि नंतर ऑफिस. सी.ए. साहेबांनी अर्धा दिवस दिलाय. काका म्हणतात, माल तुमच्याच गाडीत, चालवणारा कोण ते मला नका सांगू. आणि माझे दोन लाख एकाच वेळी दोन ठिकाणी जात नाहीत.

तेव्हा शेवटचा सौदा केला. गाडीत दोन लाख घालायचे नाहीत, एक लाख सदतीस हजारच घालायचे. बाकी त्रेसष्ट हजार डोळ्यासाठी बाजूला. कर्ज आठ लाख साठ हजार. तौहीद माझ्याबरोबर बँकेत आला, साहेबांना म्हणाला, काम पक्कं आहे ह्यांचं, मी ओळखतो. हप्ता तेराशेने वाढला. वाढू दे. मी रोज दोन मूर्ती जास्त करीन.

निघताना त्याला म्हटलं, बाबा, तुझ्याबद्दल मनात वाईट आणलं होतं मी. तो टेबलाकडे बघून म्हणाला, "चालायचंच, मावशी."

३० एप्रिल, बुधवार

गाडी आली. पांढरी. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. तौहीदने चावी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती तशीच सुरभीच्या हातात दिली. शोरूममधले लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं बापाचं कौतुक. तिचं पक्कं लायसन्स अजून यायचंय, म्हणून पेणपर्यंत तौहीदने आणून दिली.

संध्याकाळी कारखान्यात जाऊन त्या मूर्तीवरचं फडकं काढलं आणि डावा डोळा काढला. आता समोर कोणाला उभं करू? हे दारात उभे होते. म्हटलं, या. ते म्हणाले, "मला नको विचारू गो आता." मी म्हटलं, या तर. हाताला धरून चार पावलांवर उभं केलं. मी बाजूला उभी राहिले, आणि पहिल्यांदा नजर माझी मीच सांगितली. "बसली." त्यांनी हात जोडले.

२० मे, मंगळवार

पहिली खेप.

परवा ह्यांचं पहिलं इंजेक्शन झालं. फरक लगेच कळत नाही म्हणाले डॉक्टर. दुसरं पुढच्या महिन्यात. सुरभी गेल्या सोमवारी परीक्षा पास झाली, पक्कं लायसन्स हातात आलं.

बेचाळीस कच्च्या मूर्ती, रंग नाही, डोळे नाहीत, रोह्याच्या कारखान्याला. पेंढा घालून मी स्वतः रचल्या, ह्यांनी हौद्याचा मागचा फाळका लावला आणि दोनदा हलवून बघितला. केबिनमध्ये तिघं. सुरभी चाकावर, हे मध्ये, मी खिडकीशी. सुरभीचं तोंड पांढरं पडलं होतं, माझंही पडलं असेल. भिसे खिंडीच्या वळणावर तिने एका हाताने स्टेअरिंग वळवलं, दुसरा हात गिअरवर. मी म्हटलं, अडतीस हजार वसूल. हे हसले. सव्वाअकराला रोह्याला पोचलो, एकाही मूर्तीचा टवका उडाला नाही. भाडं मिळालं, ते सुरभीने देवापुढे ठेवलं.

एक लिहायचं राहिलं. सबंध रस्ता हे सांगत होते. "आता उतार हाय, तिसऱ्यात घे." "पुढं शाळा हाय, पोरं आडवी येतात." न बघता सगळं पाठ. नागोठणं सोडल्यावर म्हणाले, "मोरी आली ना? मोरीच्या पुढं डाव्या अंगाला मोठा खड्डा हाय. हळू कर, उजवीकडनं काढ. मूर्ती हादरतील." मी बघितलं. खड्डा बुजवलेला होता. वर नवं काळं डांबर, सपाट रस्ता. मी सांगायला तोंड उघडलं. पण सुरभीने गाडी हळू केली, आरशात मागचं बघितलं, आणि नसलेल्या खड्ड्याच्या उजवीकडून सावकाश काढली.

"गेला?" ह्यांनी विचारलं.

"गेला, पप्पा," सुरभी म्हणाली.